सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर त्याला काय आठवायला हवे?



मंडळाच्या जुन्या स्मरणिका, गणेशोत्सवाची छायाचित्रे, नाटकांच्या ध्वनिचित्रफिती आणि सभासदांची यादी आता संगणकावर आली आहे, हे आपण जाणताच. त्यासाठी कार्यालयात एक छोटा स्टोरेज सर्व्हर ठेवला आहे. स्टोरेज सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फाइली एका जागी सांभाळणारा आणि मागेल त्याला नेटवर्कवरून देणारा संगणक. कार्यकारिणीच्या गेल्या सभेत त्याच्याबद्दल एक प्रश्न निघाला. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कोणी बदल केला, तर तो आपोआप कायमचा जतन व्हावा, की कोणीतरी मुद्दाम 'जतन कर' असे सांगितल्यावरच व्हावा? सभेत दोन्ही बाजूंनी मते आली, वेळ संपली आणि 'तुम्ही जरा अभ्यास करून लिहा' असे माझ्या वाट्याला आले.

मी संगणक अभियंता नाही. बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि जाड लेजरपासून कोअर बँकिंगपर्यंतचा प्रवास काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिला. पण नोंद कच्ची कधी आणि पक्की कधी, तिच्यावर सही कोणाची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिल्लक कुठल्या आकड्याने उघडायची, हे प्रश्न आम्ही आयुष्यभर हाताळले. सर्व्हरचा प्रश्न नेमका तोच आहे, हे वाचता वाचता लक्षात आले. मंडळातल्या जाणकार तरुणांकडून तपासून घेतलेली ही माहिती सोप्या शब्दांत मांडतो.

एकाच गोष्टीच्या दोन वह्या

प्रत्येक सर्व्हरकडे दोन वह्या असतात असे समजा. पहिली वही रॅममध्ये, म्हणजे चालू स्मृतीत. या क्षणी सर्व्हर कसा वागतो आहे, कोणते फोल्डर कोणाला दिसते, कोणाला लिहायची परवानगी आहे, हे या वहीवरून ठरते. दुसरी वही डिस्कवर. ती नेहमी उघडी नसते. सर्व्हर सुरू होताना ती एकदा वाचतो आणि तीवरून पहिली वही नव्याने भरतो.

वीज गेली की पहिली वही पुसली जाते, दुसरी राहते. त्यामुळे आपण केलेला बदल फक्त पहिल्या वहीत असेल, तर तो आज व्यवस्थित चालतो, उद्या चालतो, सहा महिने चालतो आणि एके दिवशी सर्व्हर बंद होऊन सुरू झाला की नाहीसा होतो. चालू असताना दोन वह्यांतला फरक बाहेरून दिसत नाही, ही खरी अडचण आहे.

नेटवर्कच्या क्षेत्रात ही कल्पना उघडपणे मान्य केलेली आहे. सिस्को कंपनीच्या राउटरमध्ये या दोन वह्यांना 'रनिंग कॉन्फिग' आणि 'स्टार्टअप कॉन्फिग' अशी नावेच आहेत. पहिलीतून दुसरीत नक्कल करण्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती न देता राउटर पुन्हा सुरू करायला गेलात, तर 'बदल जतन करायचे का' असे तो विचारतो. पण हा प्रश्न माणसाने आज्ञा दिली तरच येतो. वीज जाताना कोणी विचारत नाही.

कोणता सर्व्हर काय करतो?

'सर्व्हरमध्ये सेटिंग आपोआप जतन होते का' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ते तुम्ही बदल कुठून केला यावर अवलंबून असते.

घरगुती किंवा छोट्या कार्यालयांसाठी तयार मिळणाऱ्या स्टोरेजच्या पेटीला 'नॅस' म्हणतात. सिनॉलॉजी, क्यूनॅप ही नावे आपल्यापैकी काहींनी ऐकली असतील. तिच्या पडद्यावर नवा फोल्डर उघडला आणि 'लागू करा' दाबले, की बदल दोन्ही वह्यांत जातो. वापरणाऱ्याला दोन वह्या आहेत हेच माहीत नसते, आणि तसे असणेच बरे.

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरची गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक आज्ञा फक्त आजपुरत्या असतात. दुसरी डिस्क जोडण्यासाठी 'माउंट' ही आज्ञा दिली तर ती लगेच जोडली जाते, पण 'एफएसटॅब' नावाच्या फाइलीत तिची ओळ लिहिली नसेल तर पुढच्या वेळी जोडली जाणार नाही. एखादे फोल्डर नेटवर्कवर वाटण्यासाठी 'एक्स्पोर्टएफएस' ही आज्ञा दिली तर ते दिसू लागते, पण 'एक्स्पोर्ट्स' या फाइलीत नोंद हवी. एखादी सेवा सुरू करण्यासाठी 'स्टार्ट' म्हणतात आणि ती दर वेळी आपोआप सुरू व्हावी म्हणून 'इनेबल' म्हणतात. 'आज दुकान उघड' आणि 'रोज दुकान उघडत जा' या दोन वेगळ्या सूचना आहेत. पहिली दिली म्हणजे दुसरी दिली असे होत नाही.

याच्या उलटही फसगत होते. ट्रूनॅस, ज्याचे पूर्वीचे नाव फ्रीनॅस, ही स्टोरेजसाठीची प्रणाली आपली सगळी सेटिंग एका डेटाबेसमध्ये ठेवते आणि सुरू होताना त्यावरून बाकीच्या फाइली नव्याने तयार करते. एखाद्या हुशार माणसाने ती फाइल हाताने उघडून बदल लिहिला, तो डिस्कवर जतनही झाला, तरी सर्व्हर पुन्हा सुरू झाला की पुसला जातो. नोंद पक्की होती, पण चुकीच्या वहीत होती. क्यूनॅपच्या पेट्यांतही काही फाइली दिसायला डिस्कवरच्या आणि प्रत्यक्षात रॅममधल्या असतात. म्हणून 'मी सेव्ह केले होते' हे उत्तर पुरेसे नाही. कुठे सेव्ह केले, हे विचारावे लागते.

सगळे आपोआप जतन का करू नये?

सभेत एका सभासदांनी विचारले होते, "एवढा घोळ कशाला? जे केले ते राहू द्या. मोबाइलमध्ये नाही का राहत?" प्रश्न रास्त आहे. पण आपोआप जतन न करण्यामागेही विचार आहे, आणि तो बँकेतल्या माणसाला चटकन पटतो.

बँकेत व्यापाऱ्याची मंजूर मर्यादा वेगळी आणि टेम्पररी ओव्हरड्राफ्ट वेगळा. शनिवारी दुपारी ग्राहकाचा चेक आला, खात्यात थोडे कमी आहेत, माणूस ओळखीचा आहे, तर शाखाधिकारी आपल्या अधिकारात तात्पुरती सवलत देतो. ती ठरलेल्या दिवशी संपते. ती आपोआप कायमची मर्यादा होऊ लागली, तर वर्षअखेरीला शाखेची काय अवस्था होईल ते सांगायला नको. काही गोष्टींचे संपणे हाच त्यांचा गुण असतो.

सर्व्हरवरही असेच असते. बिघाड शोधण्यासाठी कोणीतरी काही काळ पहारा ढिला करतो, बाहेरच्या तंत्रज्ञाला दोन तासांसाठी प्रवेश देतो, वेग वाढतो का पाहण्यासाठी एखादा आकडा बदलतो. हे सगळे निमूटपणे कायमचे होत गेले, तर दोन वर्षांनी त्या सर्व्हरवर कोणते दार का उघडे आहे हे कोणालाच सांगता येणार नाही.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. 'बंद करून पुन्हा चालू करा' हा उपाय आपण सगळेच करतो आणि बऱ्याचदा तो लागू पडतो. का लागू पडतो? पहिल्या वहीत झालेली गडबड पुसली जाते आणि सर्व्हर दुसऱ्या, तपासलेल्या वहीवरून नव्याने सुरुवात करतो म्हणून. प्रत्येक बदल त्याच क्षणी दुसऱ्या वहीत गेला असता, तर चुकीचा बदलही गेला असता आणि हा परतीचा रस्ता बंद झाला असता.

दूरवरच्या राउटरवर काम करणारे लोक याचा हेतुपुरस्सर उपयोग करतात. एखादा धोक्याचा बदल करण्याआधी ते यंत्राला सांगून ठेवतात की दहा मिनिटांनी स्वतःहून पुन्हा सुरू हो. बदल चुकला आणि स्वतःच बाहेर अडकलो, तरी दहा मिनिटांत यंत्र जुन्या सेटिंगवर येते. बदल जमला, तर ती सूचना रद्द करून मग जतन करायचे. जुनिपर कंपनीच्या यंत्रांत तर यासाठी स्वतंत्र सोय आहे. 'कमिट कन्फर्म्ड' म्हटले की बदल लागू होतो, पण दहा मिनिटांत दुसऱ्यांदा होकार आला नाही तर तो आपणहून मागे घेतला जातो. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून पास करायची, या पद्धतीची आठवण व्हावी अशी ही रचना आहे. इथे तपासणारा दुसरा माणूस नसतो, थोडा वेळ गेल्यानंतरचे आपणच असतो.

तिसरे कारण गोपनीयतेचे. सभासद यादीत पत्ते, फोन नंबर, जन्मतारखा आहेत. असे फोल्डर कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्टेड ठेवता येते. सर्व्हर सुरू झाला की ते परवलीचा शब्द दिल्याशिवाय उघडत नाही. काही नॅसमध्ये ते आपोआप उघडण्याची सोय असते. सोय चांगली, पण किल्ली त्याच कपाटात ठेवली तर कुलपाचा उपयोग काय? कोणी पेटीच उचलून नेली तर पेटीसोबत किल्लीही गेली. या ठिकाणी सर्व्हरने विसरणेच योग्य.

मग आपोआप जतन का हवे?

आता दुसरी बाजू. वरची सगळी कारणे एक गोष्ट गृहीत धरतात, की सर्व्हर पुन्हा सुरू होईल तेव्हा समोर जाणकार माणूस बसलेला असेल. प्रत्यक्षात सर्व्हर बहुधा आपल्या इच्छेने बंद होत नाही. ऑगस्ट २०२४च्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला तेव्हा वडोदऱ्याच्या कितीतरी भागांत वीज बंद ठेवावी लागली होती. वर्षानुवर्षे अखंड चालू असलेली यंत्रे त्या दिवसांत पहिल्यांदाच बंद झाली असतील. यूपीएस असला तरी तो काही मिनिटे किंवा फार तर काही तास तग धरतो. यंत्र नीट बंद व्हायला वेळ मिळावा, एवढेच त्याचे काम.

वीज परत येते तेव्हा माणसे घरातले पाणी काढत असतात, भिजलेल्या गाद्या वाळवत असतात. सर्व्हरवरचा कोणता बदल पहिल्या वहीत होता आणि कोणता दुसऱ्या, हे आठवायची ती वेळ नसते. आणि ज्याने तो बदल केला, तो तरुण तोवर नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेला असतो. आपल्यासारख्या मंडळात काम स्वयंसेवकांवर चालते. दर दोन वर्षांनी माणसे बदलतात, आणि बदललेल्या माणसाच्या डोक्यातली माहिती त्याच्याबरोबर जाते. न जतन केलेले सेटिंग म्हणजे निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याने तोंडी दिलेले आश्वासन. नवीन अधिकारी कागद मागतो, आणि कागद नसतो.

रिकामे फोल्डर आणि आज्ञाधारक बॅकअप

असा प्रसंग आपल्या मंडळात होऊन गेला आहे. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी वीज गेली आणि तासाभराने आली. सर्व्हर सुरू झाला, पडद्यावर सगळे ठीक दिसत होते. पण छायाचित्रांचे फोल्डर उघडले तर रिकामे.

डिस्क शाबूत होती, एकही फाइल गेली नव्हती. ती डिस्क मागे कोणीतरी हाताने जोडली होती आणि एफएसटॅबमध्ये तिची ओळ लिहायची राहिली होती, एवढेच. सर्व्हरला ती डिस्क आठवली नाही. पण जिथे ती जोडायची ते फोल्डर, म्हणजे रिकामी खोली, जागेवर होती. दार उघडले की आत काही नाही.

खरा धोका पुढे होता. रात्री ११ वाजता या फोल्डरची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली जाते, आणि ती 'आरशा'सारखी आहे. म्हणजे मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते नकलेतूनही काढून टाकायचे. हेतू चांगला, की आपण काढलेल्या निरुपयोगी फाइली तिथे साचू नयेत. पण त्या रात्री मूळ फोल्डर रिकामे दिसले असते, तर बॅकअपने अत्यंत इमानदारीने आपली नक्कलही रिकामी केली असती. दुपारी आमच्या एका तरुण सभासदाच्या लक्षात आले म्हणून रात्रीचे काम थांबवता आले. "काका, डिस्क गेली तरी चालली असती, बॅकअप होता. पण डिस्क फक्त हरवली असती तर बॅकअपच गेला असता," असे तो म्हणाला. हे वाक्य सर्वांनी लक्षात ठेवावे असे आहे.

अजून एक बारीक गोष्ट त्या दिवशी कळली. मधल्या वेळेत कोणीतरी त्या रिकाम्या फोल्डरमध्ये नव्याने स्कॅन केलेली काही पाने टाकली होती. डिस्क पुन्हा जोडली तेव्हा ती दिसेनाशी झाली. ती नष्ट झाली नव्हती. जोडलेली डिस्क त्या फोल्डरवर पांघरुणासारखी पसरते आणि खालचे झाकले जाते. डिस्क क्षणभर सोडवली, तेव्हा खाली पाने सापडली.

मधला मार्ग आणि त्याचा सापळा

काही प्रणालींनी दोन्ही बाजूंचा मेळ घालायचा प्रयत्न केला आहे. लिनक्सच्या गाभ्यात २०११ साली, २.६.३८ या आवृत्तीत, 'एलआयओ' नावाची सोय आली. तिच्यामुळे सर्व्हरवरची डिस्क नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला त्याची स्वतःचीच डिस्क असल्यासारखी दाखवता येते. तिची मांडणी करायचे साधन म्हणजे 'टार्गेटसीएलआय'. यात केलेली मांडणी सगळी चालू स्मृतीत असते, म्हणजे पहिल्या वहीत. पण काम संपवून त्या साधनातून बाहेर पडताना ते स्वतःहून मांडणी डिस्कवरच्या फाइलीत उतरवते. शिवाय आधीच्या फाइली फेकून देत नाही. नेहमीच्या ठेवणीत मागच्या १० प्रती तारखेसह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. ही रचना मला फार आवडली. रोज संध्याकाळी वही बंद करताना आकडे आपोआप पक्के व्हावेत आणि तरी मागच्या दहा दिवसांची पाने कपाटात असावीत, अशी ती आहे.

तरी यात दोन खाचा आहेत. पहिली, फाइल लिहिली म्हणजे ती वाचली जाईलच असे नाही. सुरू होताना ती वाचणारी 'टार्गेट' नावाची सेवा 'इनेबल' केलेली असावी लागते. तसे नसेल तर वही कपाटात नीट लिहिलेली आहे, पण सकाळी ती उघडणारा कारकूनच नेमलेला नाही.

दुसरी खाच अधिक घातक. समजा, सुरू होताना एखादी डिस्क तयार व्हायला उशीर झाला. मग मांडणीतला तिचा भाग लागू होत नाही. पहिली वही अर्धवट भरते. आता काय झाले ते पाहण्यासाठी कोणी ते साधन उघडले, नुसते पाहिले आणि बाहेर पडला. बाहेर पडताना साधन आपल्या सवयीप्रमाणे चालू मांडणी जतन करते, आणि ती अर्धवट असते. चांगल्या पक्क्या वहीवर अर्धी कच्ची वही उतरवली जाते. अशा वेळी त्या मागच्या १० प्रतीच उपयोगी पडतात. म्हणून आपोआप जतन ही सोय मागच्या प्रतींशिवाय घेऊ नये.

माझे मत

सेटिंग आपोआप टिकावे का, हा प्रश्न सरसकट विचारला की उत्तर मिळत नाही. बँकेत 'सगळ्या नोंदी कायम कराव्यात का' असे कोणी विचारत नाही. स्थायी सूचना वेगळी, एकदाचा चेक वेगळा. तसे इथेही वर्गीकरण करावे, आणि ते आपल्यासारख्या मंडळाला कागदाच्या एका पानावर करता येते.

ज्यावर ठेव्याची सुरक्षितता अवलंबून आहे ते टिकलेच पाहिजे. कोणती डिस्क कुठे जोडायची, सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता, कोणते फोल्डर कोणाला दिसावे आणि कोणाला लिहिता यावे, बॅकअपची वेळ, कोणत्या सेवा स्वतःहून सुरू व्हाव्यात. यांत बदल करणाऱ्याने तो त्याच बैठकीत पक्का करावा. शक्य तिथे पडद्यावरच्या सोयीनेच बदल करावा, म्हणजे तो योग्य वहीत जातो.

ज्याला मुदत आहे ते मुदतीनंतर संपलेच पाहिजे. तंत्रज्ञाला दिलेला प्रवेश, बिघाड शोधण्यासाठी केलेले बदल, वेग तपासण्याचे प्रयोग हे पक्के करू नयेत.

आणि ज्याला किल्ली लागते, ती किल्ली माणसाकडे राहावी. सभासद यादीचे फोल्डर आपोआप उघडू नये. परवलीचा शब्द दोन पदाधिकाऱ्यांकडे, बंद पाकिटात, असे मी सुचवतो. लॉकरच्या दोन किल्ल्यांची पद्धत उगीच पडलेली नाही.

यासोबत चार कामे करावीत.

१. प्रत्येक पक्क्या बदलाआधी जुन्या सेटिंगची प्रत घ्यावी आणि तारीख घालून ठेवावी. बहुतेक नॅसमध्ये सगळे सेटिंग एका फाइलीत उतरवून घेण्याची सोय असते. ती फाइल त्याच सर्व्हरवर ठेवू नये.

२. सर्व्हरजवळ एक साधी वही ठेवावी. तारीख, काय बदलले, का बदलले, पक्के की तात्पुरते, सही. तात्पुरते असेल तर कधीपर्यंत. ही वही वीज गेली तरी पुसली जात नाही.

३. बॅकअपच्या आधी एक खूण तपासावी. छायाचित्रांच्या डिस्कवर एक छोटी फाइल कायम ठेवायची. रात्रीच्या कामाने प्रथम ती आहे का पाहायचे. दिसली नाही तर काहीही न पुसता थांबायचे आणि निरोप पाठवायचा. आपल्याकडे ही सोय आता केली आहे. एफएसटॅबमध्ये डिस्कची ओळही घातली आहे. ती ओळ चुकली किंवा डिस्क सापडली नाही तर सर्व्हर सुरू होताना मध्येच अडकून बसू शकतो. म्हणून ओळीत 'नोफेल' हा शब्द ठेवला आहे, म्हणजे डिस्क नसली तरी सर्व्हर पुढे सुरू होईल. पण मग फोल्डर पुन्हा रिकामेच दिसेल, म्हणून खुणेची फाइल हवीच. एक सोय दुसरीशिवाय अपुरी आहे.

४. चौथे काम सर्वांत महत्त्वाचे. तीन महिन्यांतून एकदा, दिवसा, दोन माणसे समोर असताना सर्व्हर मुद्दाम बंद करून सुरू करावा आणि सगळे जागेवर येते का हे यादीवरून पाहावे. बँकेत रोख मोजली जाते ती चोरी झाल्याचा संशय असतो म्हणून नव्हे, तर पुस्तकातला आकडा आणि तिजोरीतला आकडा एकच आहे हे माहीत असावे म्हणून. दोन वह्या जुळतात की नाही, हे कळण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही. आणि जुळत नसतील तर ते रविवारी सकाळी चहा घेताना कळावे, पुराच्या रात्री कळू नये.

घरच्यासाठी दोन शब्द

हे सगळे मंडळाच्या सर्व्हरबद्दल झाले, पण घराघरात वायफायचा राउटर आहेच. काही जुन्या राउटरमध्ये पासवर्ड बदलून 'लागू करा' दाबले तरी 'जतन करून रीबूट' असे वेगळे बटण दाबावे लागते. ते न दाबल्यास वीज गेल्यावर जुना पासवर्ड परत येतो. नवीन राउटर बहुधा स्वतःच जतन करतात. आपला कोणत्या प्रकारचा आहे हे एकदा बंद-चालू करून पाहून ठेवा.

आणि एक सावधगिरी. राउटर बंद करून चालू करणे वेगळे आणि मागच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसून 'रीसेट' करणे वेगळे. पहिल्यात फक्त चालू वही पुसली जाते. दुसऱ्यात पक्की वहीही पुसली जाऊन कारखान्यातून आला तसा तो कोरा होतो. फोनवरून कोणी 'रीसेट करा' असे सांगितले, तर नेमके कोणते ते विचारून मगच हात लावा.

कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत वरचे वर्गीकरण आणि चार कामे ठराव म्हणून मांडायचा विचार आहे. पहिली चाचणी दिवाळीच्या सुट्टीआधी घ्यावी असे मला वाटते. त्या दिवशी कार्यालयात बसायला दोन सभासद हवे आहेत. संगणकाचे ज्ञान असण्याची गरज नाही. यादी वाचून एकेक फोल्डर उघडून पाहता आले, तेवढे पुरे. शक्य असेल त्यांनी आपले नाव कार्यालयात द्यावे.